पाड्यावर साखर तपासायला जाताय? आधी क्रम नीट लावा

दर हिवाळ्यात कुणाचा तरी फोन येतो. "आम्ही पंधरा जण येतोय, चार ग्लुकोमीटर आहेत, पाचशे पट्ट्या आहेत, एखादा आदिवासी पाडा सुचवा." मी एकच विचारतो, ज्याची साखर जास्त निघेल त्याला दुसऱ्या दिवशी गोळी कुठून मिळणार? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो.

पाड्यावरच्या मधुमेहाच्या कामात सुई टोचणं सगळ्यात सोपं. चुकतो तो क्रम. आधी तपासणी, मग सल्ला, मग औषधाची शोधाशोध असा उलटा कारभार चालतो. मग माणसाला "तुला शुगर आहे" एवढंच कळतं आणि गाडी निघून जाते. पुढच्या वेळी त्या पाड्यावर कुणी बोट पुढे करत नाही.

खालचे टप्पे सातपुड्यातल्या, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा भागातल्या कामावरून लिहिलेत. जव्हार-मोखाडा, मेळघाट किंवा भामरागडला जाणाऱ्यांनी भाषा, पीक आणि स्थलांतराचे महिने बदलून घ्यावेत. संस्था, वैद्यकीय विद्यार्थी, तरुण मंडळं आणि नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी हे आहे. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, तो भाग इथे नाही.

टप्पा १: आधी औषधाची वाट, मग सुई

तारीख ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तिथून उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे. एका कागदावर एवढं लिहून आणा:

- मेटफॉर्मिनचा, म्हणजे साखरेच्या नेहमीच्या गोळीचा, साठा किती महिन्यांचा आहे? दुसऱ्या गोळ्या कोणत्या आहेत? इन्शुलिन कुठे मिळतं?
- पक्कं निदान करणारी रक्ततपासणी कुठे होते, कोणत्या वारी?
- पाड्यावरून तिथे जायला पायी किती, जीपने किती, आणि भाडं किती?
- ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायचं तर मोबाइलला रेंज कुठे मिळते? (अनेक पाड्यांवर एक ठरावीक टेकाड असतं. आशाताईंना ते माहीत असतं.)

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी अपेक्षितच आहे. आशा घरोघर जाऊन 'सीबॅक' अर्ज भरते. वय, तंबाखू-दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला आजार आहे का, यावर गुण पडतात आणि चाराच्या वर गेलेल्यांना आधी बोलवायचं असतं. ही यादी तयार असते किंवा अर्धी झालेली असते. ती पुरी करायला हात लावा. स्वतःचा वेगळा अर्ज छापून नेलात तर त्या नोंदी तुमच्याबरोबर शहरात जातील आणि उपकेंद्राला त्यातलं काहीच कळणार नाही.

नेहमीची चूक: पंधरा दिवसांच्या गोळ्या फुकट वाटणं. सोळाव्या दिवशी माणूस समजतो की आजार बरा झाला, कारण औषध देणाऱ्यानेच थांबवलं.

पडताळा: वरच्या चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर कोरं असेल तर पट्ट्या विकत घेऊ नका.

टप्पा २: पाड्यावर माणसं असतील अशी तारीख

दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. कुणी गुजरातेत ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. शहरातली मंडळी नेमकी डिसेंबर-जानेवारीत येतात, कारण हवा छान असते. साठ जणांची तपासणी होते आणि कमावत्या वयाचा एकही माणूस त्यात नसतो.

सातपुड्यात दोन वेळा हाती लागतात. पहिली दसरा ते दिवाळी, माणसं बाहेर पडायच्या आधी. दुसरी होळीची. होळीला गेलेला माणूस परत येतोच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात तर सगळा मुलूख उतरतो. पण सणाच्या ऐन दिवशी मशीन काढू नका. चार दिवस जाऊ द्या, खाणंपिणं मार्गी लागू द्या. पावसाळ्यात ओढे भरतात, तेव्हा फक्त उपकेंद्राच्या गावापुरतं बघा.

टप्पा ३: परवानगी, भाषा आणि भगत

ग्रामसभेत किंवा निदान पाड्याच्या बैठकीत आधी बोला. रक्त किती काढणार, ते कुठे जाणार, नाव कुणाला कळणार, हे तिथेच सांगा. रक्ताच्या बाबतीत संशय असतो आणि तो निराधार नसतो. नमुने नेऊन अहवाल न देणारे लोक इथे पूर्वी येऊन गेलेत.

मराठी सगळ्यांना येते असं धरू नका. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या घरात "उपाशीपोटी" हा शब्द अर्धवटच पोचतो. दुभाषी म्हणून शाळेतल्या पोराला उभं करू नका. त्याच्यासमोर त्याची आई लघवीची तक्रार सांगणार नाही. आशा किंवा पाड्यातलीच एखादी जाणती बाई हवी.

भगत, बडवा, भुमका, भागाप्रमाणे नाव बदलतं. त्याला टाळू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. बैठकीला बोलवा, हवं तर त्याचीच साखर आधी तपासा. "झाडपाला तुमचा चालू द्या, पण गोळी बंद करायला सांगू नका" एवढं त्याच्याकडून मिळालं तरी खूप झालं.

टप्पा ४: आदल्या दिवशीची पिशवी

ग्लुकोमीटर कंट्रोल सोल्यूशनने, म्हणजे साखरेचं प्रमाण ठरलेल्या द्रावणाने, तपासून घ्या. पट्टीच्या डबीवरची मुदत आणि तापमानाची मर्यादा वाचा. जीपच्या डॅशबोर्डवर दोन तास उन्हात पडलेली डबी निकामी होऊ शकते, आणि पट्टी बिघडली तरी मशीन आकडा दाखवतच राहतं. डबी उघडी ठेवू नका. पावसाळ्यातली दमट हवासुद्धा पट्टी खराब करते.

बरोबर हवं ते: माणसागणिक नवी सुई, वापरलेल्या सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा, साबण, पाण्याचा हंडा, कोरडा कापूस, बीपीचं यंत्र, वजनकाटा, मोजपट्टी आणि साखरेचा एक डबा. साखर चहासाठी नाही. कशासाठी ते पुढे येईल.

सावधान: सुयांचा डबा पाड्यावर ठेवून येऊ नका, चुलीतही टाकू नका. तो आरोग्य केंद्राच्या कचरा व्यवस्थेत जायला हवा. हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

टप्पा ५: तपासणीच्या दिवशी

क्रम असा: बसवा, विचारा, बीपी, वजन-कंबर, हात धुवा, टोचा, लिहा, सांगा. माणूस चढ चढून आलेला असतो. निदान पाच मिनिटं बसल्याशिवाय बीपी मोजू नका.

सगळ्यात जास्त वगळली जाते ती पायरी हात धुण्याची. चैत्राच्या तोंडावर एका पाड्यावर पंचेचाळिशीची बाई बसली. बोट टोचलं, मशीनवर ३१२. तरुण डॉक्टरने लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. आशाताईंनी बाईचा हात उलटा करून पाहिला. बोटं चिकट होती, नखांत पिवळट गर होता. पहाटेपासून मोह वेचून ती तशीच आली होती. साबणाने हात धुतले, पुसून कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. ११८. मोहाच्या फुलात साखर भरपूर असते, आणि मशीनला ती बोटावरची की रक्तातली हे कळत नाही. आंब्याच्या दिवसांतही हेच होतं. स्पिरिटचा कापूस फिरवून ही साखर नीट निघत नाही. पाणीच लागतं, आणि नंतर बोट कोरडं हवं.

टोचताना बोटाच्या शेंड्यावर नको, कडेला टोचा. पहिला थेंब पुसा, दुसरा पट्टीला लावा. बोट पिळू नका.

दुसरा घोळ उपाशीपणाचा. "काही खाल्लं का?" असं विचारलं की "नाही" येतं. काळा चहा कुणी खाण्यात धरत नाही, आणि त्यात चार चमचे साखर असते. म्हणून विचारा, "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" आणि उठले किती वाजता तेही विचारा.

आता आकड्यांचं काय करायचं (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसीलीटरमध्ये):

- कधीही केलेली बोटावरची तपासणी १४० किंवा वर: पक्क्या तपासणीसाठी पाठवा. "तुला मधुमेह आहे" असं म्हणू नका.
- प्रयोगशाळेत उपाशीपोटी १२६ किंवा वर, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा वर: मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का नको, दुसऱ्यांदा खात्री करावी.
- ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, खोल श्वास, गुंगी: त्याच दिवशी रुग्णालय.
- ७० च्या खाली: रांग थांबवा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा.

अंगात रक्त फार कमी असलेल्या माणसाचा ग्लुकोमीटरवरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. इथे पंडुरोग घरोघरी आहे. बोटावरच्या आकड्यावर निदान करू नये याचं हे आणखी एक कारण.

शिरेतून रक्त काढून तालुक्याला पाठवत असाल तर फ्लोराइडची, राखाडी बुचाची नळी वापरा. साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासातासाला आकडा उतरतो. चार तास जीपमध्ये हेलकावे खाल्लेला नमुना मधुमेह झाकून टाकतो.

टप्पा ६: सिकलसेल विचारल्याशिवाय एचबीए१सी करू नका

शहरातल्या डॉक्टरांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी शहरात सोयीची. उपाशी राहायला नको, एकदा रक्त दिलं की झालं. पण तिचा सगळा हिशोब लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात यावर उभा आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी त्याच्या एक-दोन दशमांशच जगतात. पेशीवर साखर चढायला वेळच मिळत नाही. आकडा छान येतो, ५.४ वगैरे, आणि प्रत्यक्षात रक्तात साखर वाहत असते. वाहकांमध्येही, म्हणजे ज्यांच्या कार्डावर 'एएस' लिहिलेलं असतं त्यांच्यात, आकडा थोडा कमी येऊ शकतो किंवा यंत्राच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. उलट लोहाच्या कमतरतेने आकडा वर जातो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजांत सिकलसेल आणि पंडुरोग दोन्ही भेटतात. मग त्या आकड्यावर विसंबायचं तरी कसं?

म्हणून:

१. नोंदणीच्या वेळीच सिकलसेलचं कार्ड मागा. २०२३ साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्यात, बऱ्याच घरांत कार्ड असतं. कधी पत्र्याच्या पेटीत, कधी रेशनकार्डाच्या घडीत.
२. कार्ड नसेल तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.
३. निदानाला उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज देऊन केलेली साखरच धरा.
४. पुढचा पाठपुरावाही 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णांत साखरेच्या नोंदींवरच ठेवा. मोठ्या रुग्णालयात फ्रुक्टोसामीन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणारी तपासणी) होत असेल तर डॉक्टर ते बघतील.

चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा: "सिकलसेल. एचबीए१सी वर विसंबू नये." हा माणूस पुढे सुरतेच्या दवाखान्यात जाईल तेव्हा तिथल्या डॉक्टरला हे कोण सांगणार?

टप्पा ७: बारीक माणसाला रांगेतून काढू नका

"याला कसली शुगर, हाडं तर दिसतायत." हे वाक्य मी शिबिरात पांढऱ्या कोटातल्या माणसांकडून ऐकलंय. इथला मधुमेही बहुधा सुटलेल्या पोटाचा नसतो. लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' म्हणून वेगळी ओळख दिली. अशा माणसाला भरमसाट इन्शुलिन दिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्याला पोटभर खाणं लागतं. वजन कमी करण्याचा सल्ला तर अजिबात नको.

बारीक आणि साखर जास्त, अशा माणसाला पुढचा प्रश्न खोकल्याचा. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन असेल तर बेडका तपासायला द्या. मधुमेहाने क्षयरोगाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. उलटही करा, क्षयाचं औषध चालू असलेल्या प्रत्येकाची साखर बघा. क्षयाच्या रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, तेव्हा दोन्ही औषधं एकाच डॉक्टरच्या नजरेखालून जाऊ द्या.

गरोदर बाईसाठी पद्धत वेगळी: जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी साखर. १४० किंवा वर आली तर उपचार हवेत. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

टप्पा ८: गोळी जेवणाला बांधा, घड्याळाला नको

"सकाळी आठ, रात्री आठ" हे इथे चालत नाही. विचारा, पोटभर जेवण दिवसातून कितीदा आणि कधी? ऊसतोडीत कोयता पहाटे चालू होतो आणि धड जेवण दुपारनंतर. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन माणूस उपाशी तोडत राहिला की घाम फुटतो, हात थरथरतात, तो बडबडायला लागतो. बाकीचे म्हणतात, "प्यायलाय." दारू घेतली असेल तर साखर आणखी उतरते. म्हणून साखरेची पुडी खिशात हवी आणि हे बरोबर तोडणाऱ्या जोडीदाराला माहीत हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन.

इन्शुलिन असेल तर दोन गोष्टी हाताने करून दाखवा. पहिली सिरिंज. आपल्याकडे सरकारी कुपी बहुधा ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. नारिंगी टोपीची १०० युनिटची. लाल सिरिंजने १०० ची कुपी ओढली तर डोस अडीचपट जातो. दुसरी साठवण. फ्रिज नाही म्हणून इन्शुलिन नाकारू नका. मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली कुपी, वर ओलं फडकं. सावलीत, चुलीपासून लांब. उघडलेली कुपी साधारण चार आठवडे वापरायची, म्हणून उघडल्याची तारीख कुपीवर लिहा.

पडताळा: घरच्या माणसाने तुमच्यासमोर सिरिंज भरून दाखवली का? मान हलवली म्हणजे समजलं असं नाही.

टप्पा ९: आहाराचा छापील तक्ता घरी ठेवा

ओट्स, सफरचंद, मलई काढलेलं दूध. हा तक्ता मी मोलगीच्या बाजूला एका कुडाच्या भिंतीवर चिकटवलेला पाहिलाय, फटीतून येणारा वारा अडवायला.

घरात काय शिजतं ते चुलीपाशी बसून बघा. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदयला घराला ३५ किलो, आणि त्यात तांदूळ मोठा. तांदूळ फुकट आणि ज्वारी विकत, अशा घरात "भात बंद करा" म्हणणं म्हणजे "उपाशी राहा" म्हणणं. त्यापेक्षा ताटातला भात एक मूठ कमी, त्या जागी कुळीथ, उडीद किंवा तुरीचं घट्ट वरण, आणि भाजी दुप्पट. पावसाळ्यात रानभाजी दारात असते, ती मनापासून खा म्हणा. भाकरी, नागली, वरई भातापेक्षा बरी असली तरी साखर त्यानेही वाढते. प्रमाण लागतंच.

चहात चमचे मोजा. गूळ चालतो, मोहाची फुलं चालतात, हे दोन्ही गैरसमज आहेत. दुकानातली पाच रुपयांची पुडकी आणि थंड पेयाची बाटली हा नवा पाहुणा, त्याच्याबद्दल बिनधास्त बोला. आणि दोन हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला रोज अर्धा तास चालायला सांगू नका.

टप्पा १०: पाय बघा

चप्पल असेल तर काढायला लावा. तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला निखारा कळत नाही. थंडीत शेकोटीकडे पाय करून झोपणारा माणूस सकाळी फोड बघून चकित होतो. उंदीर चावल्याचंही कळत नाही. घरातल्या एखाद्या पोराला काम द्या: रोज रात्री आजीचे तळवे बॅटरीने बघायचे. जखम दिसली की हळद-चुना न भरता त्याच आठवड्यात केंद्रात. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या.

टप्पा ११: परत जाण्याची तारीख आधीच सांगा

निघण्याआधी पुढची भेट जाहीर करा, आणि ती पहिल्या महिन्याच्या आत ठेवा. त्या भेटीत नवी बोटं टोचू नका. फक्त पहिल्या यादीतली नावं घ्या: पक्की तपासणी झाली का, गोळी मिळाली का, चालू आहे का, नसेल तर का? "जीपचं भाडं नव्हतं", "डॉक्टर नव्हते", "गोळीने पोट बिघडलं" ही उत्तरं जशीच्या तशी लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. पोट बिघडणं मेटफॉर्मिनने होतं. जेवणाबरोबर घेतली की बऱ्याच जणांचं निभतं.

दिवाळीआधीची भेट सोडू नका. बाहेर जाणाऱ्याला जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आणि आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) द्यायची व्यवस्था डॉक्टरांशी बोलून करा. नोंदवहीत शेवटचा रकाना वाढवा: कुठे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, तिथला फोन, आणि परत होळीला की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). तो रकाना आशाताईंच्या वहीतही उतरवून द्या, कारण जानेवारीत कुणाची गोळी संपली हे विचारायला फोन त्याच करणार आहेत.